माल्टाचं बेथलेहेम

डिसेंबरात माल्टातल्या गल्ल्यांतून फिरताना एखाद्या घरावर ‘प्रेसेप्यू’ अशी पाटी दिसली, तर खुशाल आत शिरावं. ओळखपाळख लागत नाही. बैठकीत, गॅरेजात, कधी जिन्याखालच्या कोनाड्यात येशूजन्माचा देखावा मांडलेला असतो आणि शेजारी मांडणारा उभा असतो. दिवाळीतले किल्ले आपल्याकडे पोरांचे. इथे हा उद्योग पिकल्या केसांचे बाप्येही जिवापाड करतात.

मधोमध गुहा, तिच्यात मरिया, योसेफ, बैल आणि गाढव. बाळाची जागा चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. एवढं जगभर सारखंच. माल्टाची खरी गंमत कडेकडेला आहे. सपाट धाब्यांची घरं, चुन्याशिवाय रचलेले दगडी बांध, पवनचक्की: बेथलेहेमच्या नावाखाली मांडलंय ते माल्टाचंच जुनं खेडं. मातीच्या बाहुल्यांना ‘पस्तूरी’ म्हणतात. त्यांतला एक झोपलेला, जगाचा तारणहार जन्मला तरी याचा डोळा उघडत नाही. दुसरा ‘लाजेब’, दोन्ही हात वर करून आ वासलेला. चारचौघांत कुणी असा थक्क होऊन उभा राहिला, की माल्टी माणूस त्याला ‘प्रेसेप्यूतला लाजेब’ म्हणून चिडवतो. आणखी एक असतो वाजंत्री. त्याचं वाद्य म्हणजे जनावराचं अख्खं कातडं, पायांसकट, फुगवून बगलेत धरलेलं. विसाव्या शतकात हे वाद्य वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. देखाव्यातल्या बाहुलीने मात्र ते कधी खाली ठेवलं नाही.

असे देखावे करण्याची प्रथा युरोपभर सांगतात ती संत फ्रान्सिसपासून, १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोपासून. माल्टातला पहिला देखावा राबातच्या डॉमिनिकन मठात १६१७ साली झाला, असं मानतात. इम्दिना या तटबंदीच्या गावात बेनेडिक्टाइन जोगिणींनी १८२६ चा देखावा आजवर जपलाय. पण या सनावळीवरून परंपरा अखंड चालत आली असं समजू नये. इंग्रजी अमदानीत नाताळचं झाड आलं, आणि घरच्या ओबडधोबड पस्तूरी गावंढळ वाटू लागल्या. त्यांना सावरलं ते जॉर्ज प्रेका या पाद्र्याने. १९०७ साली त्याने धर्मशिक्षणाची संस्था काढली, प्रत्येक मुलाच्या घरी देखावा हवा असा आग्रह धरला आणि १९२१ पासून नाताळच्या आदल्या संध्याकाळी बाळ येशूची मूर्ती घेऊन मुलांच्या मिरवणुका सुरू केल्या. २००७ साली तो संतपदाला पोचला. पुढे १९८६ मध्ये देखावे करणाऱ्यांनी आपलं मंडळ स्थापलं. आज जे ‘पारंपरिक’ म्हणून दिसतं, त्यात या डागडुजीचा वाटा मोठा आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

देखाव्याभोवती पांढऱ्या दोऱ्यांच्या गुंतवळासारखं काहीतरी ठेवलेलं दिसतं. ती ‘जुल्बीना’. नाताळच्या पाचेक आठवडे आधी बशीत ओला कापूस पसरून त्यावर दाणे पेरायचे, बशी कपाटाच्या अंधारात ठेवायची आणि अधूनमधून पाणी शिंपडायचं. उजेड लागला की अंकुर हिरवे होतात आणि मेहनत फुकट जाते. गोव्यातही नाताळच्या देखाव्यासाठी धान्य रुजवतात, पण तिथे हिरवाच रंग हवा.

मोठं काही बघायचं तर झेय्तूनला जावं. तिथल्या एका अनाथाश्रमात यंत्रावर हलणारा देखावा आहे. गोझो बेटावर आइन्सीलेम गावात २००९ पासून चक्क शेतात जिवंत बेथलेहेम उभं राहतं. सुमारे दीडशे गावकरी, लहानथोर, कुटुंबच्या कुटुंबं लोहार, सुतार, मेंढपाळ होऊन वावरतात. प्रकार झकास आहे, पण गर्दीत बघणाऱ्यांचेच फोटो जास्त निघतात. माझं मत विचाराल तर घरगुती देखावा चुकवू नये. २०१६ साली गोझोच्याच एका कलावंताचा देखावा व्हॅटिकनच्या चौकात लागला होता. त्यात माल्टाची रंगीत मासेमारी होडी होती, आणि समुद्र ओलांडून येणाऱ्या निर्वासितांची आठवण.

कारागिरांत सध्या वाद आहे तो सामानाचा. पूर्वी गुहा रचायची ती ‘गगात्सा’ने, म्हणजे कोळसा जळून उरलेल्या खडबडीत खंगराने. काळपट, भोकाभोकांचा तो खंगर हुबेहूब डोंगरकड्यासारखा दिसतो. कोळसा गेला तसा खंगरही मिळेनासा झाला, आणि थर्माकोल आला. तापल्या तारेने तो हवा तसा कापता येतो, त्यामुळे दगडी बांध फारच नेटका उतरतो आणि तिथेच नकलीपणा कळतो. जुनी मंडळी नाकं मुरडतात. पण थर्माकोलचा अख्खा डोंगर सहा जानेवारीला नाताळचा सण सरला की एका हाताने उचलून माळ्यावर टाकता येतो, आणि बायकोची तक्रार तेवढीच कमी होते.