रेणूचा आकार कशाने ठरतो?

पाण्याच्या रेणूत तीन अणू असतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूतही तीनच. तरी पाण्याचा रेणू वाकलेला असतो आणि कार्बन डायऑक्साइडचा सरळ रेषेत. विद्यार्थी बहुधा हे आकार घोकून लक्षात ठेवतात. खरे तर इलेक्ट्रॉन मोजता आले, की आकार स्वतःच काढता येतो.

बंध कसे जुळतात?

बंध जुळवण्याचे काम अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले, म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन करतात. हे बंध मुख्यतः तीन प्रकारचे आहेत.

*आयनिक बंध:* सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना ओढून धरतात. मिठात सुटा रेणू नसतो. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन, अशी ती जाळी असते. मिठाचा दाणा भिंगाखाली धरा; त्याच्या चौकोनी कडांमध्ये ही मांडणीच दिसते. ही पकड इतकी घट्ट असते, की मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते.

*धातू बंध:* तांब्यातले बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सगळ्या तुकड्यात फिरतात. म्हणून तांब्यातून वीज वाहते आणि ते ठोकले तर तुटत नाही, त्याचा पत्रा होतो.

*सहसंयुज बंध:* दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात. ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. या बंधाला ठरावीक दिशा असते, म्हणून रेणूच्या आकाराचा प्रश्न मुख्यतः इथेच येतो.

जोड्या मोजा

रोनाल्ड गिलेस्पी आणि रोनाल्ड नायहोम यांनी १९५७ मध्ये एक सोपा नियम पुढे आणला: मध्यवर्ती अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन जोड्या एकमेकींना दूर लोटतात आणि शक्य तितक्या लांब बसतात. दुहेरी किंवा तिहेरी बंध इथे एकच गट धरायचा.

- दोन गट: सरळ रेषा, १८० अंश (कार्बन डायऑक्साइड)
- तीन गट: सपाट त्रिकोण, १२० अंश (बोरॉन ट्रायफ्लोराइड)
- चार गट: चतुष्फलक, १०९.५ अंश (मिथेन)
- सहा गट: अष्टफलक, ९० अंश (सल्फर हेक्झाफ्लोराइड)

एकाकी जोडीची दाटी

आता पाण्याकडे वळू. ऑक्सिजनचे संयुजा इलेक्ट्रॉन सहा. त्यांतले दोन हायड्रोजनशी बंध जुळवण्यात जातात आणि उरलेल्या चारांच्या दोन एकाकी जोड्या होतात. एकूण गट चार, म्हणून मांडणी चतुष्फलकाची. पण एकाकी जोडी बंधातल्या जोडीपेक्षा जास्त जागा अडवते. त्यामुळे बंध एकमेकांकडे ढकलले जातात आणि कोन १०४.५ अंशांवर येतो. अमोनियात एकाकी जोडी एकच असते, म्हणून तिथला कोन सुमारे १०७ अंश.

आकाराने काय बदलते?

कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन्हीकडचे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे सारख्याच जोराने ओढतात. रेणू सरळ असल्याने दोन्हीकडची ओढ परस्पर रद्द होते. पाण्याचा रेणू वाकडा, म्हणून तिथे ती रद्द होत नाही. ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. याच बंधांमुळे पाणी १०० अंशांना उकळते. त्याच्याच कुळातला, त्याहून जड असलेला हायड्रोजन सल्फाइड मात्र उणे ६० अंशांच्या आसपासच उकळतो.

एक सराव

अमोनिया आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड, दोन्हींत मध्यवर्ती अणूला तीन अणू जोडलेले आहेत. बोरॉनचे तिन्ही संयुजा इलेक्ट्रॉन बंधांत खर्च होतात, म्हणून रेणू सपाट. नायट्रोजनकडे पाच असतात. दोन मागे उरतात आणि रेणूचा पिरॅमिड होतो. सूत्र सारखे दिसले म्हणून आकार सारखा धरू नका. आधी मध्यवर्ती अणूचे उरलेले इलेक्ट्रॉन मोजा.