म्हातारपणाची काठी

'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद ऐकून आजचे सुशिक्षित हंसतात. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें फारसें दिसत नाहीं. देवी, पटकी नि ताप यांनीं पाळणे रिते होत, त्या काळीं आठांतून दोन कर्ते मुलगे हातीं लागले तरी पुष्कळ, असा तो रोखठोक हिशेब होता. ज्यास पेढी नाहीं, पेन्शन नाहीं, जमीन नाहीं, त्याची ठेव म्हणजे त्याचे मुलगे. अशा गृहस्थास 'कुटुंब आटोपशीर ठेव' म्हणणें हें विम्याचा कागद फाडून टाक म्हणण्यासारखेंच होतें.

तो कागद लोकांनीं आतां फाडला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १९९२-९३ सालीं या देशांत दर स्त्रीमागें सरासरी ३.४ मुलें होत. २०१९-२१ सालीं २.०, आणि महाराष्ट्रांत तर १.७. बदल्यांत हातीं काय पडलें? दरिद्री वृद्धास केंद्र सरकार २००७ सालीं दरमहा २०० रुपये देई. ऐशीच्या आंतील वृद्धास आजही तितकेच देतें! महाराष्ट्र सरकारनें श्रावणबाळ योजनेंत २०२३ सालीं दरमहा १५०० रुपये केले, हें ठीकच. (योजनेस नांवही पुत्राचेंच सांपडलें! श्रावण एकुलता होता, आणि त्याच्यामागें आईबापांचें काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे.)

२००७ चा आईबापांच्या पोटगीचा कायदा आम्ही निरुपयोगी म्हणत नाहीं. मुलगी परक्याची ही समजूतही १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मोडिली. ऐपतदार मुलगी, मग ती विवाहित कां असेना, निराधार बापास पोटगी देणें लागते. परंतु अपत्याचाच हात रिकामा असेल तर हुकूमनामा कशावर बजावावयाचा?

माथाडीच्या लेव्हीविषयीं व्यापारी मंडळी कुरकुर करितात. १९६९ च्या त्या कायद्यामुळें हमालास भविष्यनिर्वाहनिधि तरी मिळतो. पण त्याच दुकानांत तीस वर्षें खतावणी लिहिणाऱ्या दिवाणजीस काय मिळतें? वीसांहून कमी नोकर असलेल्या दुकानास निधीचा कायदा सामान्यतः लागत नाहीं, आणि आमचीं बहुतेक दुकानें त्याच मापाचीं. दिवाणजीस आतां एकच मुलगी आहे, आठ पुत्र नाहींत. २०१५ पासून अटल पेन्शन योजना चालू आहे. चाळिशीच्या आंत नांव घातल्यास साठीनंतर दरमहा १००० ते ५००० रुपये मिळतात. दुकानांतील तरुण नोकराचा हप्ता मालकानें पदरचा भरण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाहीं. येत्या पाडव्यास वहीपूजन होईल, तेव्हां नव्या वहींत हें एक खातें उघडावें, अशी आमची मागणी आहे.