मोठ्या इंजिनाची जुनी गाडी : आधी बॉडी पारखा, मग इंजिन घ्या

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. गिऱ्हाईक कितीही भारी भरतकाम सांगो, आधी कापडाचा पोत पाहायचा. विरलेल्या मलमलीवर जरीचे जड काम केले तर जर राहते आणि कापड फाटते. जुन्या मोटारीत मोठे इंजिन बसवण्याच्या कामालाही हाच नियम लागू पडतो. पाचगणी, वाई, सातारा, सांगली या भागात आपले अनेक बांधव मिस्त्री, डेंटर, पेंटर आणि सीट-कुशनचे कारागीर आहेत. मुंबई-पुण्याचे हौशी गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन येते आणि म्हणते, 'हिची मसल कार करून द्या.' अशा वेळी आगाऊ रक्कम हातात घेण्याआधी कोणती बॉडी निवडावी, याचा विचार येथे करायचा आहे.

'मसल कार' हा प्रकार अमेरिकेत १९६०च्या दशकात नावारूपाला आला. मध्यम आकाराच्या, साध्या गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, एवढीच त्यामागची कल्पना. १९६४ साली पाँटिअ‍ॅक कंपनीने 'जीटीओ' काढली. तिचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे आणि ताकद ३२५ अश्वशक्ती होती. आपल्याकडे त्या थाटाची दिसणारी गाडी म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा. ती १९८४ मध्ये बाजारात आली आणि २००२ मध्ये बंद झाली. तिचा साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाडीचा. लांब बोनेट, रुंद अंग, मागच्या चाकांना ताकद, सगळे मसल कारसारखेच. पण सुरुवातीचे इंजिन दीड लिटरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, तेही नव्वदीच्या आतच. म्हणूनच हौशी लोक आज काँटेसा शोधत फिरतात.

आता बॉडीचे प्रकार पाहू. त्याच जीटीओची पहिल्या वर्षी तीन रूपे होती. एक, दोन दारांची आणि दारामागे खांब असलेली बंद गाडी. दुसरी, खांब नसलेली, म्हणजे काचा खाली केल्या की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी दिसणारी हार्डटॉप. तिसरी, कापडी हुडाची उघडी कन्व्हर्टिबल. दिसायला उघडी गाडी सर्वांत देखणी आणि खांबाची सर्वांत साधी. पण ताकद पेलण्याचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे.

बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण काढून दोन्ही टोके धरून पिळा, ते सहज वळते. झाकण घट्ट बसवून पुन्हा पिळा, ते दाद देत नाही. गाडीचे छप्पर म्हणजे हे झाकण आणि दारामागचा खांब म्हणजे त्याला दिलेला टेकू. मोठे इंजिन एकदम जोर लावते तेव्हा गाडीच्या अंगाला असाच पीळ बसतो. म्हणून खांब आणि छप्पर असलेली बॉडी सर्वांत कणखर, हार्डटॉप तिच्याखाली आणि उघडी गाडी सर्वांत नरम.

उघडी गाडी हलकी असते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. छप्पर गेल्यावर कारखान्याला खालून जादा पत्रा आणि पट्ट्या द्याव्या लागतात. १९६५ची फोर्ड मस्टँग घ्या. तिची उघडी गाडी बंद गाडीपेक्षा सुमारे ८० किलोने जड होती. अमेरिकेतील शर्यतींच्या नियमांतही पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर तोडणाऱ्या बंद गाडीला आत लोखंडी कमान बसवावी लागते. उघड्या गाडीला मात्र १३.४९ सेकंदांपासूनच ती सक्तीची आहे.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. जीटीओला खाली वेगळी चेसिस होती, बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. मस्टँग आणि काँटेसा यांना अशी वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हीच त्यांची चेसिस. अशा गाडीचे छप्पर कापणे म्हणजे घराची तुळई काढणे होय. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गॅरेजवाल्याने हुडासाठी माझ्याकडून जाड कॅनव्हास उधारीवर नेले. गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून त्याने चार दारांच्या जुन्या गाडीचे छप्पर कापले होते. पहिल्याच फेरीत घाट चढून वर आल्यावर मागची दारे बसेनात आणि पुढच्या काचेला तडा गेला. गिऱ्हाइकाने गाडी नाकारली. आगाऊ रक्कम पत्रा आणि मजुरीत केव्हाच संपली होती. माझे पैसे बुडाले त्याचे एवढे नाही, पण त्या होतकरू कारागिराचे गॅरेज त्या कर्जात गेले याचे वाईट वाटते.

चार दारांच्या गाडीला हौशी लोक नाक मुरडतात. परंतु तिला दोन्ही बाजूंना मधला खांब असतो, ती स्वस्त मिळते आणि तिचे सुटे भागही त्यामानाने लवकर सापडतात. मागे उतरत्या छपराची फास्टबॅक दिसायला उत्तम. पण तिची मोठी काच आणि मागचा पत्रा मिळवताना दमछाक होते. पिकअपचा मागचा भाग हलका, त्यामुळे जोर लावताच चाके जागीच फिरतात. जीप उंच आणि आखूड असते. ताकद वाढवून घाटाच्या वळणावर ती पळवणे म्हणजे उलटण्याला आमंत्रण. या सर्वांचा विचार करता आमच्या भागासाठी खांबाची, बंद छपराची, दोन किंवा चार दारांची गाडी हीच योग्य निवड होय.

पाचगणीची हवाही विसरू नये. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. हवा विरळ असल्याने टर्बो नसलेले इंजिन येथे साधारण आठवा हिस्सा ताकद गमावते. मुंबईत ३०० अश्वशक्ती देणारे इंजिन येथे २६०च्या आसपास देईल. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले तर नंतर भांडण होत नाही. दुसरे म्हणजे येथील मुसळधार पाऊस आणि धुके. कापडी हुडाची शिवण कितीही पक्की असली तरी पाणी वाट काढते, आणि फुटबोर्डखाली साचलेले पाणी पत्रा आतून खाते. तिसरे, चढण्याइतकेच उतरणेही महत्त्वाचे. इंजिन वाढवले आणि ब्रेक जुनेच ठेवले, तर पसरणी घाट उतरताना ते तापून निकामी होण्याचा धोका असतो.

गाडी विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. फुटबोर्ड, डिकीचा तळ आणि पुढच्या सस्पेन्शनचे टेकू चुंबक लावून पाहावेत. पुट्टीवर चुंबक धरत नाही. पुढचे एक चाक जॅकने उचलून दार उघडझाक करावी; दार अडले तर बॉडी खचली आहे असे समजावे. बोनेटखाली नव्या इंजिनाची रुंदी, स्टिअरिंगचा दांडा आणि मोठा रेडिएटर यांची मापे टेपने घ्यावीत. मागे रुंद टायर पत्र्याला घासणार नाहीत ना, तेही पाहावे.

शेवटची गोष्ट कागदांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'गाडी जुनी आहे, व्हिंटेजमध्ये बसवू' असे कोणी म्हणेल. परंतु २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील आणि मूळ रूपातील गाडीलाच ती नोंदणी मिळते. इंजिन, चेसिस किंवा बॉडी मोठ्या प्रमाणात बदललेली गाडी त्यात बसत नाही. पहिल्या काँटेसालादेखील ५० वर्षे २०३४ मध्ये होतील.

म्हणून रस्त्यावरची गाडी असेल तर साताऱ्याच्या आर.टी.ओ. कार्यालयात आधी लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. उत्तर नकाराचे आले तर मूळ इंजिनच उत्तम करून द्यावे. चांगले डेंटिंग-पेंटिंग आणि सीटचे काम यातही कारागिराला भरपूर रोजगार आहे. अधिक ताकदीचीच हौस असेल तर गाडी फक्त बंद ट्रॅकसाठी आहे, ती ट्रकवर घालूनच नेली जाईल, असे करारात लिहून घ्यावे. चेन्नई आणि कोइंबतूर येथे असे ट्रॅक आहेत.

इंजिन आज नाही तर उद्या मिळेल, दुसरेही बसवता येईल. बॉडी चुकली तर मात्र सगळा खर्च वाया जातो. आधी कागद, मग बॉडी, मग ब्रेक आणि सर्वांत शेवटी इंजिन, हा क्रम जो कारागीर पाळील त्याचे नाव टिकेल आणि गिऱ्हाईकही पुन्हा त्याच्याच दारी येईल.