हार्डटेल घेताना : बदलता न येणाऱ्या गोष्टी आधी पाहा

बंगळुरू : शहराच्या दक्षिण टोकाला, होसूर मार्गालगत वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील सायकलस्वारांचा हिशेब २०२५ मधील दोन घटनांनी बदलला. १० ऑगस्टला आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही १९ किलोमीटरहून थोडी अधिक लांबीची मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली आणि २२ सप्टेंबरपासून सायकल व तिच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पहिल्या घटनेमुळे सिल्क बोर्डच्या कोंडीतून रोज सायकल दामटण्याला पर्याय मिळाला. दुसरीमुळे जुनी सायकल बदलण्याचा लांबणीवर पडलेला विचार पुन्हा वर आला. करपूर्व किंमत ६० हजार रुपये असलेल्या सायकलीवर पूर्वी ७,२०० रुपये कर पडत असे, आता तो ३,००० रुपये होतो.

नोकरीनिमित्त पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगावहून येथे स्थिरावलेल्या कोणाचेही उदाहरण घ्यावे. घरी दहा-बारा वर्षांपूर्वीची २६ इंची चाकांची गियरची सायकल. आठवडाभर तिचे काम चार-सहा किलोमीटरचे : सेवा रस्ता, गतिरोधक, खणून अर्धवट बुजवलेले चर, फेज वनमधील कार्यालय किंवा मेट्रो स्थानक. रविवारी अनेकलकडचे मातीचे रस्ते, जमल्यास मुत्याल मडुवूपर्यंत. वर्षातून एकदा नंदी हिल्सचा सुमारे ८ किलोमीटरचा चढ. आणि सुट्टीत गावी गेल्यावर सह्याद्रीतील एखादी घाटवाट. एवढ्या सगळ्याला एकच सायकल हवी असेल तर बाजार बहुतेक वेळा एकच उत्तर देतो : हार्डटेल.

पुढच्या चाकाला धक्के शोषणारा चिमटा, म्हणजे सस्पेन्शन फोर्क, आणि मागचा भाग मात्र ताठ, अशा माउंटन बाइकला हार्डटेल म्हणतात. मागे शॉकअप नसल्याने सांधे कमी, वजन कमी, देखभाल कमी आणि पायडलवरचा जोर थेट चाकापर्यंत पोहोचतो. याउलट, स्वस्त सायकलींवर मध्यभागी दिसणारी स्प्रिंग शोभेपुरतीच असते. चढावर ती सायकल बसकण मारते आणि वर्षभरात तिचे सांधे खुळखुळू लागतात. मर्यादित खर्चात दोन्हीकडे शॉकअप मिळत असतील तर ते दोन्ही वाईट आहेत, असे खुशाल समजावे.

निवडीचे खरे सूत्र मात्र सुट्या भागांच्या यादीत नाही. चेन, टायर, गियर, ब्रेक, सीट हे सारे झिजतात आणि आज ना उद्या बदलले जातात. फ्रेम बदलत नाही. फ्रेमबरोबर चार गोष्टी कायमच्या घरी येतात : तिचे माप व कोन, चिमटा बसतो त्या नळीचा व्यास, आस बसवण्याची पद्धत आणि चाकाचा आकार. दुकानात झळकतात ते झिजणारे भाग. दहा वर्षे साथ देतात किंवा अडवतात त्या या चार गोष्टी.

जुनी सायकल नेमकी कुठे अडते?

नवी घेण्यापूर्वी जुनीचीच तपासणी करणे श्रेयस्कर. गियर घसरतात, ब्रेक लागत नाही, चाक डुगडुगते, या तक्रारी नव्या सायकलीचे कारण ठरत नाहीत. चेन, मागची दातेरी चक्रे, केबल आणि टायर बदलून, आऱ्यांचा ताण सारखा करून घेतला की पंधरा वर्षांची सायकलही तरुण होते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. चिमट्याच्या नळ्यांवरचा मुलामा उडाला, तेल गळू लागले, की त्या मापाचा चांगला चिमटा मिळेनासा होतो. जुन्या फ्रेमची डोकेनळी वरून खालपर्यंत सारख्या व्यासाची असते, तर आजच्या बऱ्या चिमट्यांची मान खाली रुंद होत जाणारी असते. ती जुन्या फ्रेममध्ये शिरतच नाही. २६ इंची चांगले टायरही आता शोधावे लागतात.

मागच्या चाकाची गोष्ट याहून महत्त्वाची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. स्वस्त गियर सायकलींत मागची चक्रे फ्रीव्हील पद्धतीची असतात : संपूर्ण गठ्ठा हबवर आट्यांनी घट्ट पिळलेला. त्यामुळे उजव्या बाजूचे बेअरिंग आत सरकते आणि आसाचा बराच भाग आधाराविना बाहेर राहतो. पाठीवर लॅपटॉपची पिशवी घेतलेला ऐंशी किलोचा माणूस खड्ड्यात आदळला की नेमकी तिथेच आस वाकते किंवा तुटते. कॅसेट पद्धतीत हे बेअरिंग जवळजवळ फ्रेमच्या टोकापाशी येते आणि भार वाटला जातो. म्हणून नवी सायकल पाहताना विक्रेत्याला पहिला प्रश्न किती गियर हा नसावा. फ्रीव्हील आहे की कॅसेट, हा असावा. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर तेही उत्तरच.

चाकांचा वाद आणि त्याचा निकाल

माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली माउंट टॅमलपायसच्या उतारावरून पिटाळत. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास फ्रेम बांधली. त्या जुन्या सायकलींची चाके २६ इंची होती, म्हणून माउंटन बाइकही २६ इंची झाली. त्यामागे शास्त्रापेक्षा उपलब्धता होती. पुढे तीन दशके हाच आकार चालला. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी २९ इंची चाकांवर सुवर्ण, तर स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टर यांनी साडेसत्तावीस इंची चाकांवर रौप्यपदक मिळवले आणि जुन्या आकाराचे दिवस भरल्याचे जगाला दिसले.

मोठे चाक खड्ड्यात कमी खोल उतरते आणि दगडाला कमी तिरक्या कोनातून भिडते. बंगळुरूच्या रस्त्यांवर हा फायदा डोंगरात जाण्याआधीच कळतो. तोटा इतकाच, की २९ इंची चाक वजनाला किंचित जड आणि गती घेताना आळशी. उंची पाच फूट तीन-चार इंचांहून कमी असेल तर साडेसत्तावीस इंची चाके अधिक सोयीची. अनेक कंपन्या लहान मापाच्या फ्रेमला तीच बसवतात. इतरांनी २९ घ्यावे आणि पुढे निघावे.

टायरची रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास असावी. दख्खनच्या मातीवाटांवर बाभळीचे काटे हा कायमचा शत्रू आहे. ट्यूब काढून टायरमध्ये द्रव भरण्याची ट्यूबलेस पद्धत या काट्यांवर चांगला उतारा ठरते : काटा रुतला तरी द्रव भोक बुजवतो. आपल्या उष्ण हवेत तो काही महिन्यांत सुकतो, हे मात्र लक्षात ठेवून पुन्हा भरावा लागतो. आज हा खर्च करायचा नसला तरी रिम ट्यूबलेससाठी योग्य आहे ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

चिमट्यावर खर्च, गियरच्या आकड्यावर नव्हे

बहुउपयोगी हार्डटेलसाठी चिमट्याची हालचाल १०० ते १२० मिलिमीटर पुरेशी आहे. त्याहून अधिक असेल तर सपाट रस्त्यावर सायकल बोजड वाटते. महत्त्वाचा प्रश्न आत स्प्रिंग आहे की हवा. पोलादी स्प्रिंग एका ठरावीक वजनाच्या माणसासाठी बनवलेली असते. पंचावन्न किलोच्या स्वाराला ती दगडासारखी लागते, तर नव्वद किलोच्या स्वाराखाली ती ब्रेक दाबताच तळाला जाते. वर फिरवायची घुंडी असते, पण ती केवळ स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवते. तिचा कडकपणा बदलत नाही. हवेच्या चिमट्यात छोट्या पंपाने दाब कमी-अधिक करता येतो. स्वार सायकलवर बसल्यावर १०० मिलिमीटरपैकी साधारण २० मिलिमीटर हालचाल वापरली जावी, एवढा दाब ठेवला की चिमटा त्या माणसाचा होतो.

दुसरी कसोटी दुकानातच करता येते. पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार द्यावा आणि सोडावा. चिमटा टण्णदिशी उसळून वर आला तर उसळी रोखणारी यंत्रणा नाही किंवा नावापुरती आहे. असा चिमटा खडकाळ उतारावर चाक जमिनीवरून उडवतो. सावकाश, एका दमात वर आला तर उत्तम. चिमट्याच्या टोकाशी चाक उघड्या खाचेत बसते की भोकातून आरपार जाणाऱ्या जाड आसावर, तेही पाहावे. आरपार आसामुळे पुढचा भाग पिळवटत नाही आणि भविष्यात चांगले चाक वा चिमटा घेण्याचा मार्ग खुला राहतो. शिवाय मेट्रो स्थानकाबाहेर दिवसभर सायकल उभी करणाऱ्यांसाठी व्यावहारिक बाब अशी, की तरफेने उघडणारे चाक चोरालाही तितक्याच सहज उघडते.

गियरच्या संख्येइतकी फसवी गोष्ट सायकलच्या बाजारात दुसरी नसेल. पुढे तीन, मागे सात अशा २१ गियरच्या जुन्या सायकलीत पुढची चक्रे २४, ३४, ४२ दात्यांची आणि मागची १४ ते २८ दात्यांची धरली, तर सर्वांत जड गियर सर्वांत हलक्याच्या साडेतीन पट असतो. आज पुढे ३२ दात्यांचे एकच चक्र आणि मागे ११ ते ४८ दात्यांची दहा चक्रे असलेली सायकल घेतली, तर हीच व्याप्ती ४.३६ पट भरते. १० ते ५१ दात्यांच्या बारा गियरमध्ये ती पाच पटींहून अधिक होते. म्हणजे निम्म्याहून कमी गियर, पण चढ अधिक हलका आणि सपाटीवर वेगही थोडा जास्त. मिनिटाला ऐंशी वेळा पाय फिरवले तर दहा गियरची ही सायकल २९ इंची चाकांवर ताशी ३२ किलोमीटरपर्यंत जाते. होसूर मार्गाच्या सेवा रस्त्यावर त्याहून वेगाने जाण्यात शहाणपण नाही. पुढचा गियर बदलणारी तरफच नसल्याने बिघडण्याचे एक ठिकाणही कमी होते. मात्र एका चक्राच्या पद्धतीत चेन टोकाच्या गियरवर तिरकी धावते आणि बारा गियरची बारीक चेन व कॅसेट महाग पडते. रोज चालवणाऱ्याला नऊ किंवा दहा गियर खिशाला परवडतात आणि सुटे भागही सहज मिळतात.

ब्रेकबाबत फार चर्चा नको. बंगळुरूत मेमधील वळिवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस येतच राहतो, आणि अनेकलकडची लाल माती ओल्या रिमवर चढली की रिमब्रेकचे रबर कानसेसारखे घासते. डिस्क ब्रेक हवेत, आणि तेही केबलचे नव्हेत तर तेलाचे. खनिज तेलावर चालणारे ब्रेक हवेतील ओल शोषत नाहीत, त्यामुळे देखभाल सोपी राहते.

जी गोष्ट जाहिरातीत कधीच नसते ती म्हणजे फ्रेमवरील आट्यांची भोके. मागे कॅरियर आणि मडगार्ड बसवण्याची सोय नसेल तर सायकल रविवारपुरती उरते. पाठीवर चार किलोची पिशवी घेऊन घामाघूम कार्यालयात पोहोचणारा माणूस महिन्याभरात पुन्हा दुचाकी काढतो, असा अनेकांचा अनुभव आहे. बहुउपयोगी हा शब्द या चार भोकांवर अवलंबून आहे, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

माप हा शेवटचा आणि निर्णायक मुद्दा. नव्या फ्रेम पूर्वीपेक्षा लांब असतात आणि हँडलची मान आखूड असते. पुढचे चाकही स्वारापासून थोडे पुढे सरकलेले असते. त्यामुळे उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती कमी होते. पण जुन्या सायकलीवर मध्यम माप बसत होते म्हणून नवीही मध्यमच घ्यावी, हा अंदाज चुकू शकतो. ट्रेक, जायंट, स्कॉट, पॉलिगॉन, फायरफॉक्स, डेकॅथलॉनची रॉकरायडर, प्रत्येकाच्या मापाचा तक्ता वेगळा. दुकानाच्या आवारात एक फेरी पुरेशी नाही. निदान पंधरा मिनिटे चालवावी, एखादा गतिरोधक उभे राहून ओलांडावा. गुडघा, मनगट किंवा मान त्या वेळीच तक्रार करू लागली तर कितीही सवलत असली तरी ती सायकल घेऊ नये.

जो आठवडाभर फक्त डांबरी रस्त्यावरच चालवतो, मातीच्या वाटेला वर्षातून दोनदाही जात नाही, त्याला हार्डटेलची गरजच नाही. साध्या ताठ चिमट्याची हायब्रिड सायकल त्याच पैशांत हलकी आणि टिकाऊ मिळते. आणि जुनी २६ इंची अजून धड असेल तर तिला गुळगुळीत टायर, मडगार्ड आणि कॅरियर लावून शहरासाठी ठेवता येते. भंगारात तिचे फारसे पैसे येत नाहीत. बन्नेरघट्टाच्या राखीव जंगलात परवानगीविना शिरता येत नाही, हे रविवारची वाट आखताना दोन्ही प्रकारच्या स्वारांनी लक्षात ठेवायचे आहे.

नवी सायकल घरी आल्यावर पहिल्या महिन्यात केबल ताणल्या जातात आणि आरे जागेवर बसतात, त्यामुळे गियर किंचित चुकू लागतात. बहुतेक दुकाने पहिली जुळवणी मोफत करून देतात. पावतीवर तसे लिहून घ्यावे.