का आणि कसं : उन्हाच्या बीडमध्येही ‘ड’ कमी का पडतं?

बीडला ऊन भरपूर, तरी अंगात ड जीवनसत्त्व कमी पडू शकतं. ते त्वचेत तयार होतं, पण फक्त अतिनील-ब किरणांनी. सकाळच्या तिरप्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. पावसाळी ढगांत घटतात, काच त्यांना अडवते. खूण सोपी: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड, तर ऊन कामाचं. बीडला डिसेंबरातही भरदुपारी ती आखूड असते.

‘ड’ जंतूंशी लढायलाही लागतं: यकृतातून आलेलं त्याचं रूप पांढऱ्या पेशी कामाला लावतात आणि जंतूंचं आवरण फोडणारी प्रथिनं बनवतात. ही प्रथिनं श्वासमार्गाची राखण करतात. कमतरता असलेल्यांत श्वसनसंसर्ग जास्त आढळतात; गोळ्यांनी ते टळतात का, यावर चाचण्यांचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत.

हिवाळ्यात दुपारी थोडा वेळ हातपाय उन्हात ठेवा. उन्हाळ्यात उष्माघातापासून जपा, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.