बारीक आहे, मला काय होणार?

सकाळी तर्री-पोहे, दुपारी समोसा, मधे दोन गोडमिट्ट चहा. ग्रुपमधल्या जाड मुलीने दुसरा समोसा उचलला की 'शुगर होईल हं' म्हणणारा एक तरी निघतोच. काडी पैलवानाला मात्र कुणी अडवत नाही. उलट, 'खा बे, तुले काय होते!' हे झालं वणीतल्या कट्ट्यावरचं शास्त्र. पुण्याजवळच्या सहा गावांत तीस वर्षांहून जास्त काळ चाललेला अभ्यास वेगळंच सांगतो, आणि तो थेट तुमच्या वयाबद्दल बोलतो.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने या गावांतल्या बायकांची तपासणी सुरू केली. त्या काय खातात, शेतात किती राबतात, बाळ किती वजनाचं होतं, सगळं नोंदवलं. बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं साडेतीन. इथवर आश्चर्य नाही. पण नीट मोजलं तेव्हा कळलं, की आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. संशोधकांनी याला नाव दिलं 'थिन-फॅट'.

मोठ्यांतही हेच दिसतं. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांनाही 'एकदम फिट' म्हणाला असता!

आता मुद्द्याचं. त्या गावांतली बाळं १८ वर्षांची झाली तेव्हा सहाशेवर पोरापोरींची साखर तपासली गेली. ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर नॉर्मलच्या वर निघाली. बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे प्रीडायबेटिस. आणि यातले जाडे किती असतील असं वाटतं? तपासलेल्यांपैकी जवळपास निम्मे तर कमी वजनाचे होते. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली निघाली, त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी वरच होती. कुणाला काही त्रास नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसतं.

असं का होतं? हंगामात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग बघितलीच असेल. गोदाम लहान आणि गाड्या येतच राहिल्या की त्या रस्त्यावर उभ्या राहतात. जेवणातून आलेल्या साखरेचं मोठं गोदाम म्हणजे स्नायू. ते जन्मापासूनच लहान, वर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकदही बेताची. मग साखर रक्तातच ताटकळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. हे वाचून आईकडे बोट दाखवू नका. त्या गावांतल्या बाया सातव्या-आठव्या महिन्यातही शेतात राबत होत्या. आपल्या तालुक्यात कापूस वेचायला कोण जातं ते वेगळं सांगायला नको. ज्या गरोदर बायांच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं अंगाने बरी निघाली, हेही याच अभ्यासात दिसलं. अंबाडीची भाजी स्वस्त आहे. पण ती घरातल्या बाईच्या ताटात शेवटी उरते का, हा प्रश्न स्वस्ताईचा नाही.

मग आपण काय करायचं? 'मैदा सोडा, भाकर खा' हा सल्ला तुम्ही ऐकलाय. अर्धाच खरा आहे. देशभरातल्या १ लाख २१ हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. आपल्या खाण्यातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा धान्य-साखरेतून, म्हणजे कर्बोदकांतून येते. तांदळाच्या जागी नुसती ज्वारी-बाजरी किंवा गव्हाचं पीठ आणलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतला थोडासा वाटा डाळी, दूध-दही, अंडी, मासे यांना दिला तिथे मात्र धोका कमी दिसला. तेव्हा ज्वारीची भाकर खाच, पण तीन भाकरी अन् वाटीच्या तळाशी वरण हा हिशोब उलटा करा. तूर आपल्याच शेतात पिकते, बाप्पा!

आणि गोदाम वाढवता येतं. दंड-बैठका, पायऱ्या चढणं, खो-खो, कबड्डी, काहीही. महागड्या जिमची आणि प्रोटीनच्या डब्याची त्यासाठी गरज नाही, माझं तरी हेच मत.

वजनापेक्षा कंबर मोजा. आपल्याकडे मुलांसाठी ९० आणि मुलींसाठी ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर सावध व्हायचं. घरात कुणाला मधुमेह असेल तर बारीक असलात तरी रात्रभर उपाशी राहून एकदा साखर तपासून घ्या. १००च्या खाली ठीक. १०० ते १२५ आली तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा. या टप्प्यावरून परत फिरता येतं. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासणी आणि उपचार टाळू नका.

मुलींनो, बी-१२ कडेही बघा. त्या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायांत ते कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी दिसला. दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतून ते मिळतं. निव्वळ शाकाहारी असाल आणि दूधही टाळत असाल तर तपासणी हवीच. १९९३ नंतर त्या गावांत जन्मलेल्या पोरापोरींना २०१२ पासून एका प्रयोगात बी-१२ च्या गोळ्या दिल्या गेल्या, लग्नाच्या कितीतरी आधीपासून. आता त्यांना मुलं झालीत, आणि त्या बाळांचीही मापं घेतली जातायत.