आशाताईचा फोन आणि बाळाचा श्वास

आशाताई ओट्यावर बसून फोन कानाला लावते, मधूनच एखादं बटण दाबते. आपल्याला वाटतं, गप्पा चालल्यात. पण तो तिचा वर्गही असू शकतो. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

करमाळा किंवा अक्कलकोट तालुक्याच्या टोकाच्या गावातून प्रशिक्षणाला जायचं म्हणजे आशाताईचा अख्खा दिवस जातो. शिकलेलं पुढे विसरायलाही होतं. म्हणून केंद्राच्या आरोग्य खात्याने ‘मोबाइल अकादमी’ हा ऐकायचा अभ्यासक्रम आणला. साधा बटणांचा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. सगळे धडे मिळून सुमारे 4 तासांचे. घरचं-रानातलं सांभाळून थोडं थोडं ऐकायचं. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. मध्ये मध्ये प्रश्न येतात, त्यांचं उत्तर बटण दाबून द्यायचं.

मग फोनवर सगळंच शिकता येतं का? नाही. बाळाचा श्वास मोजायचंच घ्या. बाळ शांत असताना, पोट वर आलं की एक, असं घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढेच आले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. हे ऐकून कळतं. पण नजर बसते ती खऱ्या बाळाजवळ, शिकवणारी ताई शेजारी असताना.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना असं शेजारी बसून शिकवलं. 1999 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, इतर गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. आशाताईच्या घरभेटी त्याच कामातून आल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी तिने यायचं असतं.

आपल्या गटाने काय करायचं? ती फोनवर शिकत असेल, तर तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही. महिन्याच्या बैठकीत शिकलेलं करून दाखवायला सांगायचं. तिचाही सराव होतो, आपल्यालाही कळतं. आणि घरभेटीला आली की ‘बाळ झोपलंय’ म्हणून तिला परत पाठवायचं नाही. श्वास मोजायला झोपलेलं बाळच बरं.